बारावं पिंप

टक.

एवढाच आवाज.

मक्याचं पीठ मळता मळता थर्झाचे हात थांबले. दोन दिवस बर्फ पडत होता. रस्त्यावर घोड्यांच्या घंटा नव्हत्या, गोदीत हातोडे नव्हते. सगळं गाव कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं गप्प होतं.

म्हणूनच तो आवाज इतका स्पष्ट आला...

टक. टक.

यातलं एक अक्षर पदरचं घातलेलं नाही. थर्झा पिंगरीनं ही हकीकत उभ्या जन्मात तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा शब्द तेच होते. तिसऱ्यांदा तिनं ती नातीला सांगितली. त्या नातीकडून ती मला कळली.

सन १७९९, फेब्रुवारी महिना. बुधवार, दुपारचा दीड. न्यूबरीपोर्ट बंदरातलं, वॉटर स्ट्रीटवरचं पिंगरींचं लाकडी घर.

हो, दुपार. लोक उगाच रात्रीला नावं ठेवतात.

थर्झा चोवीस वर्षांची होती. चुलीपुढे तिची चार वर्षांची किझी चिंध्यांची बाहुली घेऊन बसली होती. आणि पुढच्या खोलीत, अंगावर दोन घोंगड्या घेऊन, तिचा नवरा बसला होता. कप्तान ओबेड पिंगरी.

तो आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी चारला परत आला होता. दुसऱ्याच्या जहाजातून, दुसऱ्याच्या कोटात.

तो ज्याचा कप्तान होता ते जहाज, 'पॉली', फ्रेंच परवानेवाल्यांनी धरलं होतं. परवानेवाले म्हणजे चाचेच. फक्त खिशात सरकारचा कागद असलेले.

"एनॉक कुठंय?" थर्झानं दारातच विचारलं होतं.

एनॉक तिचा धाकटा भाऊ. तिचा बाप पिंपं बनवायचा, तोही पिंपं बनवायचा.

"सेंट किट्सला उतरला," ओबेड म्हणाला. "आम्हाला पकडलं त्याच्या आधीच. तिथे चांगल्या पिंपवाल्याला लोक डोक्यावर घेऊन नाचतात. पत्र येईल त्याचं."

हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. चुलीजवळच्या पिठाच्या पिंपाकडे बघत होता.

सकाळी थर्झा उठली, तर त्या पिंपाला झाकण नव्हतं.

चहाच्या डब्याला नव्हतं. कपड्यांच्या पेटीला नव्हतं. किझीच्या खेळण्यांच्या खोक्यालासुद्धा नव्हतं. चुलीतल्या राखेत मात्र ओकच्या लाकडाची अर्धी जळलेली एक चकती होती.

"ओबेड, पिठात उंदीर पडतील."

"पडू देत. बाहेर तरी येतील."

झोपायच्या खोलीचं दार त्यानं रात्रभर उघडं ठेवलं होतं. मिटू नये म्हणून खुर्ची लावून. फेब्रुवारीत!

थर्झानं मनाची समजूत घातली. माणूस दोन महिने फ्रेंचांच्या तुरुंगात होता. अंगात ताप आहे. डोकं ठिकाणावर यायला वेळ लागेल.

पण आता हा आवाज...

टक. टक. टक.

तीनदा. बोटाच्या सांध्यानं, लाकडावर. दोन सावकाश आणि तिसरा जरा थांबून.



ती हा ठोका ओळखत होती. पिंपवाल्याच्या घरात जन्मलेलं पोर बोलायच्या आधी हा ठोका शिकतं. पिंपावर तीनदा वाजवायचं आणि कान द्यायचा. रिकामं पिंप बोलतं. भरलेलं गप्प बसतं.

एनॉकला तर सवयच होती. टेबल दिसलं, ठोक. भोपळा दिसला, ठोक. घरात आला की पहिल्यांदा किझीच्या पोटावर ठोकायचा. "काय गं पिंपा, भरलंय की रिकामं?" किझी पोट फुगवून ओरडायची, "भरलंय!" मग तो खिशातून गुळचट काहीतरी काढायचा आणि म्हणायचा, "मग हे कुठं ठेवशील?" की लगेच, "रिकामं! रिकामं!"

"किझे, तू ठोकलंस का गं?"

किझीनं मान हलवली. नाही. दोन्ही हात बाहुलीभोवती होते.

पण पोर हसत होती...

तेवढ्यात बाहेरून फावड्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक भसाडा गळा.

"पोरी, दार उघड! नाहीतर हा म्हातारा धुराड्यातून येईल, मग भाकरी काळी झाली म्हणून रडू नकोस!"

हा पेलेग. 'पॉली'वरचा दुय्यम अधिकारी, कालच ओबेडबरोबर परतलेला. थर्झाच्या बापाच्या बरोबरीचा, म्हणून तिला अजून पोरीच म्हणायचा. त्याच्या मागे कागदांची पेटी छातीशी धरून स्क्वायर प्लमर उभे होते. गावचे नोटरी.

"कप्तान, फ्रेंचांनी तुला सोडलं," स्क्वायर बूट आपटत म्हणाले, "पण न्यूबरीपोर्टचा बर्फ काही सोडायचा नाही. माझं वय बघा आणि माझी कामं बघा!"

त्यांना यावंच लागलं होतं. रिवाजच तसा. जहाज गेलं, माल गेला, तर कप्तानानं किनाऱ्याला पाय लागल्यापासून चोवीस तासांत शपथेवर जबानी द्यायची. जहाजावरच्या एकानं तरी सोबत शपथ घ्यायची. चोवीस तास उलटले की कप्तानाच्या शब्दाला कोणी विचारत नाही. माल कोणाचा, चूक कोणाची, सगळं त्या एका कागदावर ठरतं. कप्तानाला पुन्हा जहाज मिळणार की नाही, तेही.

चार वाजता मुदत संपत होती. पावणेदोन झाले होते.

स्क्वायरनी बायबल पुढे केलं. ओबेडनं त्यावर हात ठेवला. थर्झा स्वयंपाकघरातूनच बघत होती. मधलं दार अर्थातच उघडं होतं.

"मी, ओबेड पिंगरी, 'पॉली' जहाजाचा कप्तान, देवासमक्ष सांगतो... डिसेंबरच्या नऊ तारखेला, सेंट किट्स सोडल्याच्या दुसऱ्या सकाळी, एक जहाज जवळ आलं. निशाण इंग्रजांचं होतं. टप्प्यात आल्यावर त्यांनी ते उतरवलं आणि फ्रेंच चढवलं."

"माल?"

"खारवलेला कॉड, चाळीस पिंपं. पाइनच्या फळ्या. कांद्याच्या दोनशे माळा. मेणबत्त्या, वीस पेट्या. आणि..."

ओबेड थांबला.

"आणि?" स्क्वायरनी मान वर केली.

"रिकामी पिंपं. पुढच्या बेटावर काकवी भरायला नेत होतो. बारा."

टक. टक. टक.

यावेळी पायाखालून. तळघरातून.

पेलेगनं तोंडातला पाइप काढला, तो परत तोंडात गेलाच नाही.

"लाकूड बोलतंय," स्क्वायर लिहिता लिहिता म्हणाले. "थंडीत माझंही घर बोलतं. बायकोपेक्षा जास्त." त्यांना एकट्यालाच हसू आलं. "बरं. पकडलं तेव्हा जहाजावर माणसं किती?"

हाच प्रश्न महत्त्वाचा होता. ते दर्यावर्दी गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्या वर्षी फ्रेंच एकच गोष्ट बघत. शिक्क्याची खलाशांची यादी. यादीतली नावं आणि डेकवरची डोकी जुळली नाहीत, की कागद खोटे आणि जहाज त्यांचं.

'पॉली'च्या यादीवर आठ नावं होती. शिक्का जहाज निघायच्या आधी, शनिवारी बसला होता.

आणि सोमवारी सकाळी, दोर सोडता सोडता, एनॉक चढला होता.

त्याला चढवलं थर्झानंच. "भाऊ बरोबर असला की मला झोप तरी लागेल," म्हणून तिनं हट्ट धरला. एनॉक हसून म्हणाला, "ताई, तुझी झोप फार महाग आहे बघ." पुन्हा शिक्का घ्यायचा तर भरती चुकली असती. ओबेड म्हणाला, "एका डोक्यानं काय होतंय? कोण मोजायला बसलंय?"

"कप्तान? माणसं किती?"

"आठ," ओबेड म्हणाला.

स्क्वायरनी आकडा लिहिला.

मग... एक खुदकन हसू.

थर्झानं वळून बघितलं. चुलीपुढे बाहुली पडली होती.

किझी नव्हती.

तळघराचं झाकण-दार तर ओबेडनं पहाटेच बिजागरीतून उखडून टाकलं होतं. जमिनीत नुसता चौकोनी काळा खड्डा होता. त्यातून पोरीचा आवाज आला.

"भरलंय!"

थर्झा जिना उतरली नाही, जवळजवळ पडलीच. खाली दगडी भिंती, बटाट्यांचा ढीग, वर एक हातभर खिडकी. तीही बर्फानं बुजलेली, त्यातून दुधासारखा उजेड गाळून येत होता. कोपऱ्यात सायडरचं पिंप होतं. एनॉकनं बहिणीच्या लग्नात स्वतः बनवून दिलेलं. दोन्ही बाजूंनी बंद, फक्त पोटाला बुचाचं भोक. घरात ओबेडच्या तावडीतून सुटलेलं तेवढंच एक.

किझी त्या पिंपाकडे पाठ करून उभी होती. तोंड रस्त्याकडच्या भिंतीकडे, दोन्ही हात पोटावर.

(ती पाठ का फिरवून उभी होती, हा विचार थर्झाच्या मनात तेव्हा आला नाही. फार नंतर आला.)

"कोणाशी बोलतेस गं?"

"मामाशी. मामा विचारतोय, भरलंय की रिकामं? मी भाकरी खाल्ली ना? मग मी सांगितलं, भरलंय."

त्या पिंपातला सायडर नाताळातच संपला होता. शेवटचा पेला तिनंच काढला होता.

तिनं हात पुढे केला. बोट दुमडलं. तीनदा ठोकलं.

आणि कान दिला...

पिंप बोललं नाही.

गप्प. ठार गप्प. गळ्यापर्यंत भरलेलं पिंप जसं राहतं तसं.

किझीला कडेवर घेऊन ती वर आली. पुढच्या खोलीत स्क्वायर कागदावर वाळू भुरभुरवत होते. पेलेगच्या हातात सहीसाठी लेखणी होती. चारचौघांत थर्झा नवऱ्याला कप्तान म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

"ओबेड, माझ्या भावाला कुठल्या पिंपात ठेवलंस?"

हे तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिचं तिलाही माहीत नव्हतं.

पेलेगच्या हातून लेखणी पडली.

"मिसेस पिंगरी," स्क्वायर म्हणाले, "हे काय..."

"बाराव्या," ओबेड म्हणाला.

मग तो बोलतच राहिला. घोंगड्या गळून पडल्या, त्याचं त्याला भान नव्हतं.

"ते शिडीला लागले तेव्हा वेळच नव्हता गं. आठ नावं, नऊ डोकी. एनॉकच म्हणाला, मी पिंपात बसतो. हसत होता. म्हणाला, स्वतः बनवलेलं आहे, गळायचं नाही. यादी बघतील, जातील. ते गेले की मी बाहेरून तीनदा ठोकायचं. तोपर्यंत त्यानं हूं का चूं करायचं नाही. असं ठरलं."

"मग?"

"ते गेलेच नाहीत. यादी बरोबर निघाली तरी दुसरी खोट काढली. आम्हाला त्यांच्या जहाजावर नेलं. 'पॉली'च्या मालकोठीच्या तोंडावर फळ्या ठोकल्या."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर यादी खोटी ठरली असती. सगळंच गेलं असतं. वाटलं, उद्या सोडतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या. चौथ्या दिवशी बंदर आलं. तेव्हा सांगून..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुरुंगाच्या खिडकीतून धक्का दिसायचा. त्यांनी पिंपं उतरवली. अकरा रिकामी पिंपं सरळ घरंगळत गेली. बारावं... बारावं मध्येच थांबायचं. जरा वळायचं. पुन्हा थांबायचं. आत काहीतरी एका बाजूला गेल्यासारखं."

थर्झानं किझीचा कान आपल्या खांद्यावर दाबून धरला.

"ते कुठं नेलं?"

"माहीत नाही. दुसऱ्या जहाजावर चढवलं. ते गेलं."

"झाकणावरचं कडं मी ठोकलं, पोरी," पेलेग कोपऱ्यातून म्हणाला. तो एकदम फार म्हातारा दिसत होता. "माझ्या हातानं. घट्ट बसवा, असं तोच आतून म्हणाला."

मग स्क्वायरनी चष्मा पुसला.

"कप्तान, नीट ऐक. लिहिलेलं खोडता येत नाही. दुसरा कागद घ्यावा लागेल. त्यावर नऊ लिहिलं, तर यादी खोटी होती हे तूच कबूल केलंस. जहाज कायमचं त्यांचं. मालक तुला दारात उभं करणार नाहीत. आठच राहू दिलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "सव्वातीन झालेत."

ओबेडनं बायकोकडे बघितलं. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

थर्झानं किझीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती म्हणाली असती, की चढवलं तर मीच. पण हे ओझं एकाचंच नव्हतं आणि दोघांत वाटून हलकं होणारंही नव्हतं.

"नऊ लिहा," ओबेड म्हणाला. "नाव लिहा त्याचं. पूर्ण."

पावणेचारला सह्या झाल्या.

मग ओबेड दिवा न घेताच तळघरात उतरला. थर्झा जिन्यावर उभी राहिली. तो पिंपापुढे गुडघे टेकून बसला, बोट दुमडलं आणि ठोकलं.

एक. दोन. आणि जरा थांबून तिसरा.

पिंप खणखणीत बोललं.

रिकामं.

तरी त्यानं कडं उडवलं, झाकण फोडलं. आत कोरडं ठणठणीत लाकूड होतं आणि सफरचंदाचा जुना वास. त्याखाली आणखी एक वास होता. झोपलेल्या माणसाच्या उबदार श्वासाचा. पण तो फक्त थर्झाला आला. ओबेडला नाही.

पेलेग आणि स्क्वायर निघाले. जाताना स्क्वायर म्हणाले, "संपलं, मिसेस पिंगरी. आता तो शांत होईल."

थर्झालाही तसंच वाटलं. खरंच वाटलं. तिनं दार लावलं, चुलीवर घेवडा चढवला, किझीला मांडीवर घेतलं. ओबेड समोर बसून पहिल्यांदा मोकळा रडत होता.

तेवढ्यात छपरावरचा सगळा बर्फ एकदम घसरला.

धडाड!

खिडक्या एकामागून एक पांढऱ्या झाल्या. खोलीतला उजेड कोणीतरी मुठीत मिटल्यासारखा गेला. पेलेगनं खणलेली वाट बुजली. ओबेड धावत दाराशी गेला. कडी सरकली, पण दार तसूभर हललं नाही. मागचंही नाही. तो खांद्यानं धडका देऊ लागला, नखांनी फळी ओरबाडू लागला.

"उघड! अगं, उघड हे!"

"ओबेड, थांब. बर्फ आहे नुसता. शेजारी येतील. ओबेड!"

तो थांबला.

कारण त्यालाही ऐकू आलं...

टक. टक. टक.

छपरावर.

मग भिंतीवर. मग धुराड्याच्या दगडांवर. मग पुन्हा भिंतीवर, पलीकडच्या बाजूनं. सावकाश, घराला फेरी घालत. दर वेळी तीन ठोके आणि मग शांतता. कान दिल्यासारखी.

ओबेड दाराला पाठ लावून खाली बसला. "मी सांगितलं ना सगळं," तो पुटपुटत होता. "लिहून दिलं ना. पिंपही उघडलं..."

थर्झा पोरीला छातीशी धरून बसून राहिली. तिन्ही वेळा ही हकीकत सांगताना, म्हातारपणीसुद्धा, ती इथं आली की थांबायची. शेजाऱ्यांनी तिसऱ्या दिवशी खणून वाट केली, ते सांगायची. ओबेड नंतर कधी समुद्रावर गेला नाही आणि दार लावलेल्या खोलीत कधी झोपला नाही, तेही सांगायची. पण हे सगळं घाईघाईनं, उरकल्यासारखं. मग उठून घरातलं एखादं दार उघडून यायची आणि परत येऊन, हळू आवाजात, त्या संध्याकाळचं किझीचं बोलणं सांगायची.

किझीला भीती वाटत नव्हती. ती आईच्या मांडीवर पोट फुगवून बसली होती आणि ठोक्याची वाट बघत होती.

"आई, बाबांनी पिंप उगीच फोडलं."

"का गं?"

"मामा आत नव्हताच. पिंपवाला कधी आत असतो का? तो बाहेरून ठोकतो. आत कोण आहे ते बघायला."

टक. टक. टक.

पोरीनं भिंतीकडे बघितलं, मग बापाकडे, मग आईच्या तोंडाकडे.

"आत तर आपण आहोत. आई, आपलं झाकण कोणी लावलं गं?"